निशाणी आणि साक्ष

या वर्षीच्या स्मरणिकेसाठी इतिहासावर एखादा लेख द्यावा, असे संपादक-भगिनींनी सुचविले. आपल्या परभणी जिल्ह्याचा इतिहास म्हटला की चारठाण्याची देवळे, गंगाखेडची जनाबाई, निजामी अंमल आणि हैदराबादचा मुक्तिसंग्राम हे विषय ठरलेले. त्यांवर जाणत्या मंडळींनी पुष्कळ लिहिले आहे आणि ते माझ्यापेक्षा चांगले लिहिले आहे. मला मात्र पुष्कळ दिवस एका लहानशा गोष्टीचा इतिहास लिहावा असे वाटत होते. ती गोष्ट म्हणजे म्हातारीच्या पदराच्या गाठीचा पैसा. तो कोणी राखला, कोणी लुबाडला, आणि राखण्याचे उपाय कसकसे बदलत गेले, याचा विचार करू लागले की आजच्या टेलिफोनवरील लबाडीचे मूळ फार मागे सापडते.

जुन्या मराठी कागदपत्रांत सहीच्या जागी निशाणी असे. लिहिता-वाचता येणारे गावात दोन-चारच. बाकीच्यांनी आपापल्या धंद्याचे चिन्ह काढायचे. कुणब्याची निशाणी नांगर, आणि बाईची निशाणी बांगडी. कुळकर्ण्याने मजकूर लिहावा आणि खाली एखाद्या विधवेने थरथरत्या हाताने एक वाटोळे काढावे, की झाला कागद पुरा. आता नांगर कोणीही काढू शकतो आणि बांगडीचे वाटोळे तर पाच वर्षांचे पोरही काढील. मग त्या निशाणीवर लोक विश्वास कसा ठेवीत? याचे उत्तर निशाणीच्या खाली आहे. तेथे साक्षी लिहिलेल्या असत. पाटील, शेजारी, भाऊबंद, बलुतेदार, अशी जी माणसे त्या बाईला ओळखत आणि जिच्यासमोर तिला कागद वाचून दाखविला गेला, त्यांची नावे. कागद खरा ठरे तो त्या नावांमुळे. बांगडी ही केवळ बाईची हजेरी होती. माझ्या मते या सर्व इतिहासातील मुख्य गोष्ट हीच असून पुढे जे जे सांगायचे आहे ते सारे या साक्षीच्या भोवतीच फिरते.

साक्षीदार प्रामाणिक होते तोवर ठीक. पण साक्षीदार सावकाराच्या ओसरीवर बसणारे असले म्हणजे काय होते, तेही आपल्या पूर्वजांनी पाहिले आहे. इंग्रजी मुलखात १८७५ साली पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांवर उठाव केला, त्यात त्यांचा राग माणसांपेक्षा कागदांवर अधिक होता. जागोजाग कर्जरोखे हिसकून जाळण्यात आले. त्यानंतर सरकारने १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला आणि पुणे, सातारा, सोलापूर, नगर या जिल्ह्यांत शेतकऱ्याचा कर्जाचा कागद गावच्या रजिस्ट्रारासमोरच झाला पाहिजे असे ठरविले. म्हणजे सावकाराच्या घरचा साक्षीदार काढून तेथे सरकारने आपला त्रयस्थ माणूस बसविला. आपला मुलूख निजामाच्या हद्दीत असल्यामुळे त्या कायद्याचा वारा आपल्याकडे आला नाही. आपल्याकडे सावकाराची वही हाच वेद होता, आणि कोऱ्या कागदावर अंगठा घेण्याची चाल किती दिवस चालली हे जुन्या माणसांना विचारावे.

त्यातच आपल्याकडे नाण्यांचा घोळ. निजामी राज्याचे नाणे वेगळे. त्याला हाली सिक्का, पुढे उस्मानिया सिक्का म्हणत, आणि इंग्रजी रुपयाला कलदार. सात हालीचे सहा कलदार, असा ठोकळ हिशेब. १९४८ च्या सप्टेंबरात निजामी राजवट संपली, तरी हे नाणे लगेच गेले नाही. १९५९ पर्यंत त्याला मान्यता होती. त्याच काळात १ एप्रिल १९५७ पासून आण्या-पैची जागा नव्या पैशाने घेतली. एका दशकात दोनदा हिशेब बदलला! ज्या बाईने जन्मभर सोळा आण्यांचा रुपया मोजला आणि गाडग्यात हाली रुपये घालून चुलीमागे पुरले, तिने ते बदलून आणायला कोणाच्या हाती द्यायचे? पुतण्या, दुकानदार, नाहीतर बाजाराला जाणारा शेजारी. सात-सहाचा हिशेब तिला जमला नाही तर मधली तफावत कोणाच्या खिशात जाई, ते सांगायला नको. नवे नाणे आले, नवे यंत्र आले, नवा नियम आला, की पहिले काही दिवस लबाडांचे सुगीचे असतात. हा नियम हाली सिक्क्यालाही लागू होता आणि आजही आहे.

आता अंगठ्याकडे वळू, कारण निशाणीची जागा त्याने घेतली. तो आला बंगालमधून. १८५८ साली बंगालातील जंगीपूर येथे विल्यम हर्शेल नावाच्या इंग्रज अंमलदाराने रस्त्याच्या खडीचा मक्ता देताना राज्यधर कोनाई या मक्तेदाराच्या हाताचा पंजा शाईत बुडवून कराराच्या पाठीवर उठवून घेतला. पुढे याने नाही म्हणू नये, एवढाच हेतू. परंतु हर्शेल त्या ठशांच्या नादी लागला. १८७७ साली हुगळीस असताना त्याने बोटांचे ठसे घेण्याची रीत तीन ठिकाणी सुरू केली: दस्त नोंदविताना, तुरुंगात, आणि निवृत्तिवेतन देताना. या तिसऱ्याकडे मी वाचक-भगिनींचे मुद्दाम लक्ष वेधते. वेतनधारक म्हातारा मरे आणि त्याच्या नावाने दुसराच कोणी दरमहा पैसे उचलून नेई. क्वचित तो जिवंत असे आणि पैसे मात्र भलताच घेऊन जाई. त्यावर उपाय म्हणून हर्शेलने ठसा आणला. म्हणजे जगभर ज्या विद्येने पुढे चोर-दरोडेखोर पकडले, तिच्या अगदी आरंभी म्हाताऱ्या माणसांचे वेतन राखण्याचे काम होते. पुढे १८९७ साली कलकत्त्यास ठशांची कचेरी निघाली, अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोघा हिंदी कर्मचाऱ्यांनी ठशांच्या वर्गवारीत मोलाची भर घातली, आणि नाव मात्र साहेबाचे, एडवर्ड हेन्रीचे झाले. हे चालायचेच.

अंगठ्याने मोठी सोय केली यात शंका नाही. बांगडी कोणीही काढील, अंगठा दुसऱ्याचा लागत नाही. परंतु त्याबरोबर एक गोष्ट हळूच निसटली. अंगठा कोणाचा हे ठशावरून कळते. तो समजून-उमजून लावला की कोणी मनगट धरून लावविला, हे ठसा सांगत नाही. ते साक्षीदार सांगत असे. कोर्टांना हे फार लवकर उमगले होते. पडद्यातल्या बाईने केलेला दस्त असेल, तर तो तिला वाचून दाखविला होता, तिला समजला होता आणि तिने स्वखुशीने केला होता, हे ज्याचा फायदा झाला त्याने सिद्ध करायचे, असा दंडक प्रिव्ही कौन्सिलच्या काळापासून चालत आला. सर्वोच्च न्यायालयाने पुढे एका निर्णयात तो दंडक निरक्षर बाईलाही लावला. १८७२ च्या करार कायद्यात तर वय, आजार, शारीरिक अथवा मानसिक क्लेश यांमुळे ज्याची विचारशक्ती दुबळी झाली आहे अशा माणसावरील गैरवाजवी दडपणाचा स्पष्ट उल्लेख आहे. म्हाताऱ्या माणसाला फसविणे ही नवीन कल्पना नव्हे. दीडशे वर्षांपूर्वीच्या कायदेपंडितांनाही ती चांगली ठाऊक होती.

बँका आपल्याकडे उशिरा आल्या. १९४१ च्या कायद्याने हैदराबाद स्टेट बँक स्थापन होऊन १९४२ साली तिचे काम सुरू झाले. १९५६ साली तिचे नाव स्टेट बँक ऑफ हैदराबाद झाले, १९५९ साली ती स्टेट बँकेची उपबँक झाली, आणि १ एप्रिल २०१७ रोजी स्टेट बँकेत विलीन झाली. आपल्या भागातील पुष्कळ घरांत अजूनही तिला 'हैदराबाद बँक' असेच म्हणतात. खेड्यापाड्यांकडे बँक वळली ती १९७६ साली, मराठवाडा ग्रामीण बँक नांदेडला निघाली तेव्हा. या बँकांनी म्हाताऱ्यांचे पैसे चुलीमागून काढून तिजोरीत नेले. मात्र ही तिजोरी अभंग नव्हती. १९६० साली केरळातील पलाई सेंट्रल बँक बुडाली आणि त्याच वर्षी आपल्या शेजारच्या अकोल्याची लक्ष्मी बँक. ठेवीदारांत हाहाकार झाला, तेव्हा कोठे १९६१ साली ठेवविम्याचा कायदा झाला आणि १ जानेवारी १९६२ पासून दर ठेवीदारामागे दीड हजार रुपयांना संरक्षण मिळाले. हा आकडा वाढत वाढत १९९३ साली एक लाखावर आणि ४ फेब्रुवारी २०२० पासून पाच लाखांवर गेला. पण हा विमा बँकांना आहे, पतसंस्थांना व मल्टिस्टेट सोसायट्यांना नाही. दोन टक्के व्याज अधिक मिळते म्हणून निवृत्तीची सारी पुंजी तेथे नेऊन ठेवणाऱ्यांना हा फरक कोणी सांगितलेला नसतो. २०२३ सालच्या अखेरीस बीडच्या ज्ञानराधा मल्टिस्टेटमध्ये ठेवी अडकल्या, तेव्हा मराठवाड्यातल्या किती म्हाताऱ्या माणसांना तो फरक एकदम समजला! सोसायटीच्या नावात 'बँकिंग' हा शब्द नसला तरी पाटी, काउंटर आणि पासबुक सारे बँकेसारखेच असते, हे आपण ध्यानात ठेवावे.

त्या काळच्या बँकेत एक गुण होता. काउंटरमागचा माणूस ओळखीचा असे. म्हातारी आली की तो विचारी, आज इतके पैसे कशाला काढता, काकू? मुलगा कोठे आहे? पुष्कळांना तो भोचकपणा वाटे. प्रत्यक्षात तो जुना साक्षीदारच होता, फक्त त्याने पाटलाचे पागोटे टाकून कारकुनाचा सदरा घातला होता. बँकांच्या नियमांतही साक्ष टिकून राहिली. आजारी किंवा अतिवृद्ध खातेदाराला सही करता येत नसेल तर त्याच्या हाताच्या किंवा पायाच्या अंगठ्याचा ठसा घ्यावा, आणि तो दोन स्वतंत्र साक्षीदारांनी ओळखावा, त्यांपैकी एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा, असे रिझर्व्ह बँकेने सांगून ठेवले. ठसाही उठत नसेल तर नुसती खूण चालते, पण तिलाही दोन साक्षीदार हवेतच. नांगर-बांगडीची ती जुनी निशाणी अशी रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकात जिवंत राहिली आहे, हे वाचून मला तरी मोठी मौज वाटली.

येथे घरातल्या चोरीविषयीही लिहिले पाहिजे. स्मरणिकेत असले लिहू नये असे काहींना वाटेल. परंतु म्हातारीचा पैसा परक्याने नेला तर गावभर चर्चा होते, आणि नातवाने एटीएमचा आकडा पाठ करून नेला तर ती बिचारी पदराने डोळे पुसून गप्प बसते. १९५६ च्या वारसा कायद्याने हिंदू विधवेला तिच्या ताब्यातील मालमत्तेची पुरी मालकी दिली. त्यापूर्वी तिचा हक्क बहुधा हयातीपुरताच असे. पण कायद्याने मालक केले तरी पासबुक थोरल्याच्या कपाटात, कार्ड धाकट्याच्या खिशात, आणि फोन सुनेच्या हातात असेल, तर ती मालकी कसली? २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने एक उपाय दिला: सांभाळ करण्याच्या अटीवर म्हाताऱ्याने मालमत्ता लिहून दिली आणि सांभाळ केला नाही, तर ते हस्तांतरण रद्द होऊ शकते. त्याचा अर्ज उपविभागीय अधिकाऱ्यांपुढील न्यायाधिकरणाकडे करता येतो. मात्र ती अट कागदात लिहिलेली हवी. प्रेमाने तोंडी ठरले होते, असे सांगून काम होत नाही.

आता आपल्या काळाकडे येऊ. आधार कार्डाचा आरंभ आपल्याच महाराष्ट्रात, नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली येथे, २९ सप्टेंबर २०१० रोजी एका आदिवासी भगिनीच्या हाती कार्ड देऊन झाला. २०१४ च्या ऑगस्टात जनधन खाती निघाली. श्रावणबाळ आणि संजय गांधी निराधार योजनांचे अनुदान खात्यात जमा होऊ लागले; २०२३ पासून ते दरमहा दीड हजार झाले. तालुक्याच्या बँकेत रांगेत बसण्याऐवजी गावातच बँकमित्राच्या यंत्रावर अंगठा लावून पैसे मिळू लागले. पालम, सोनपेठ, जिंतूरच्या आडगावांतील म्हाताऱ्यांना ही सोय खरोखर वरदान आहे आणि बँकमित्र बहुतेक सारे कष्टाळू, सरळ असतात. परंतु हर्शेलने १८७७ साली जो अंगठा म्हाताऱ्यांच्या वेतनाचा राखणदार म्हणून नेमला, तोच येथे चोराची किल्ली झाला, हे पाहिले पाहिजे.

कसे ते सांगते. या व्यवहाराला सांकेतिक आकडा लागत नाही. आधार क्रमांक, बँकेचे नाव आणि बोट एवढे पुरते. जन्मभर कापूस वेचलेल्या, भांडी घासलेल्या बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात, यंत्र चटकन ओळखत नाही. मग "माय, बोट लागंना, पुन्हा लाव" असे म्हणून दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा ठसा घेतला जातो. प्रामाणिक माणूसही हे म्हणतो आणि लबाडही हेच म्हणतो. लबाडाच्या हाती पहिलाच ठसा लागलेला असतो. दुसऱ्याने आणखी एक हजार निघतात. पावती दिली जात नाही आणि दिली तरी तिला वाचता येत नाही. दुसरा प्रकार याहून विलक्षण. २०२३ साली पश्चिम बंगालमध्ये जमिनीच्या नोंदणी झालेल्या दस्तांवरील ठसे उतरवून, त्यांचे नकली अंगठे तयार करून, लोकांच्या खात्यांतून पैसे काढल्याची प्रकरणे उघडकीस आली. ज्या बंगालात कागदावर पहिला पंजा उमटला, त्याच बंगालात कागदावरून अंगठा चोरीस गेला! असले कथानक एखाद्या लेखकाने रचले असते तर आपण त्याला अतिरंजित म्हटले असते.

यावर उपाय नाहीत असे नाही. आधारचे ठसे कुलूपबंद करता येतात आणि हवे तेव्हा थोड्या वेळापुरते उघडता येतात. आधारच्या मोबाइल ॲपवर किंवा संकेतस्थळावर ही सोय फुकट आहे. ज्या आजीबाई स्वतः बँकेत जाऊन पैसे काढतात, त्यांनी हे कुलूप लावूनच ठेवावे. अंगठ्यावर पैसे देणाऱ्या केंद्रचालकांची नीट चौकशी व त्यांवर देखरेख बँकांनी ठेवावी, असे रिझर्व्ह बँकेने जून २०२५ मध्ये फर्माविले आणि १ जानेवारी २०२६ पासून ते लागू झाले. पण खेड्यात मला अधिक खात्रीचा वाटतो तो जुनाच उपाय. अंगठा लावताना शेजारी वाचता येणारी एखादी बाई उभी असावी आणि यंत्राने काय लिहिले ते तिने मोठ्याने वाचावे. बचत गटाच्या पुष्कळ भगिनींना हे सहज जमेल.

शहरांतली चोरी याहून वेगळी, आणि तिची झळ परभणीसारख्या ठिकाणी निवृत्त शिक्षक, कारकून, विद्यापीठातले कर्मचारी यांना बसू शकते. इंटरनेटवरून कार्डाने पैसे देताना कार्डावरील आकड्यांखेरीज आणखी एक सांकेतिक खूण हवी, असा नियम १ ऑगस्ट २००९ पासून झाला. त्यातूनच फोनवर येणारा तो ओटीपी घरोघर माहीत झाला. ही उत्तम राखण होती. म्हणून चोरांनी कुलूप फोडण्याचा नाद सोडला आणि मालकाकडूनच ते उघडवून घेण्याची विद्या साधली. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याच्या दिवसांत फोन करायचा: दाखला अपुरा आहे, वेतन बंद होईल, आकडा सांगा. किंवा त्याहून भयंकर, पोलीस अथवा सी.बी.आय. असल्याचे भासवून 'तुम्हाला डिजिटल अटक केली आहे' असे सांगायचे. अशी कोणतीही अटक आपल्या देशाच्या कायद्यात नाही. पण समोर खाकी वेष, मागे अशोकस्तंभाचे चित्र, आणि आवाजात जरब असली म्हणजे कायदा कोणाला आठवतो?

या फसवणुकीला विद्वान आणि अडाणी असा भेद नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये वर्धमान उद्योगसमूहाचे बयाऐंशी वर्षांचे प्रमुख एस. पी. ओसवाल यांना खोटे सर्वोच्च न्यायालय दाखवून सात कोटींना फसविण्यात आले. त्यांनी ही गोष्ट स्वतः जगजाहीर केली, हा त्यांचा मोठेपणा. त्यांतील सव्वापाच कोटी परत मिळाले. मुंबईत एका शहाऐंशी वर्षांच्या बाईंना डिसेंबर २०२४ पासून मार्च २०२५ पर्यंत, म्हणजे दोन महिन्यांहून अधिक काळ, असे धाकात ठेवून वीस कोटींहून अधिक रुपये काढून घेतले. संसदेत दिलेल्या माहितीप्रमाणे २०२४ या एका वर्षात सायबर फसवणुकीत देशातील लोकांचे २२,८४५ कोटी रुपये गेले. अंबाल्याच्या एका वृद्ध दांपत्याच्या तक्रारीवरून सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये आपण होऊन या प्रकाराची दखल घेतली आणि डिसेंबरात तपास सी.बी.आय.कडे सोपविला.

या सर्व प्रकरणांत चोरांची पहिली आज्ञा एकच असते: घरात कोणाला सांगू नका. दार लावून घ्या, फोन बंद करू नका, बँकेत विचारले तर घर घेतो आहे म्हणून सांगा. पैशाची गोष्ट ते नंतर काढतात. प्रथम ते साक्षीदाराला दूर करतात. साक्षीदार कोण ते चोराला आपल्यापेक्षा नीट कळते! त्या मुंबईच्या बाईंची गोष्ट पाहा. त्या खोलीतच बसून असतात, फोनवर कोणावर तरी ओरडतात, हे प्रथम लक्षात आले ते घरकाम करणाऱ्या बाईच्या, आणि तिने त्यांच्या मुलीला सांगितले. नोव्हेंबर २०२४ मध्ये हैदराबादेत स्टेट बँकेत एक ज्येष्ठ डॉक्टर मुदतठेव मोडून तेरा लाख रुपये पाठवायला आले होते. त्यांचा चेहरा पाहून काउंटरवरच्या कर्मचारी भगिनीला शंका आली, तिने व अधिकाऱ्यांनी त्यांना थोपवून धरले आणि पैसे वाचले. आपल्या जुन्या हैदराबाद बँकेच्या राजधानीतलीच ही गोष्ट. तेथे यंत्रांनी सर्व आकडे बरोबर असल्याचे सांगितले असते. चेहरा वाचला तो माणसाने.

म्हणून घरच्या ज्येष्ठांचे खाते राखायचे तर ते हिसकून घेऊ नये. हे मी थोडे ठासून लिहिते, कारण काळजीच्या नावाखाली पुष्कळ मुले-मुली आईचे पासबुक, कार्ड, फोन सारे आपल्याकडे ठेवतात, आणि तिला भाजीला पैसे मागावे लागतात. पासबुक तिच्या उशाखालीच असावे. रोजच्या खर्चाच्या खात्यात थोडी रक्कम ठेवावी आणि कार्ड व फोन त्यालाच जोडावा. मोठी रक्कम वेगळ्या मुदतठेवीत, शक्य तर दुसऱ्या बँकेत असावी, जी मोडायला बँकेत जावे लागेल आणि कोणाशी तरी बोलावे लागेल. फोनवरून ठेव मोडण्याची सोय असेल तर ती बंद करून घ्यावी. संयुक्त खाते उघडताना 'दोघांपैकी कोणीही' आणि 'दोघांनी मिळून' यांतला फरक आईला समजावून सांगावा, तिच्या वतीने आपण ठरवू नये. वारस नेमण्याची सोय बँकांत १९८५ पासून आहे. १ नोव्हेंबर २०२५ पासून चार नावे लावता येतात. पैसे निघाल्याचा संदेश आईच्या फोनबरोबर आणखी एका विश्वासू माणसाच्या ई-मेलवर येईल अशी व्यवस्था बँकेत विचारून पाहावी. सत्तरीच्या पुढच्यांना घरपोच सेवा द्यावी असे रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१७ मध्येच बँकांना सांगितले आहे. मागितल्याशिवाय ती कोणी आणून देत नाही.

आणि तरीही पैसे गेले तर? रडत बसण्यात घालविलेला पहिला तास सर्वांत महाग पडतो. १९३० या क्रमांकावर तत्काळ फोन करावा, म्हणजे पैसे पुढच्या खात्यांतून निघून जाण्याआधी थोपविता येतात. त्याच दिवशी बँकेला लेखी कळवून पोच घ्यावी. ६ जुलै २०१७ च्या रिझर्व्ह बँकेच्या आदेशाने असे ठरले की खातेदाराची चूक नसता त्रयस्थाने पैसे काढले आणि तीन कामकाजी दिवसांत बँकेला कळविले, तर खातेदारावर काहीच भार नाही. आणि चूक खातेदाराची होती हे सिद्ध करण्याचे ओझे बँकेवर आहे. त्याच वर्षी डिसेंबरात सहकारी बँकांनाही असाच आदेश झाला. पडदानशीन बाईसाठी कोर्टांनी जो दंडक घातला होता, त्याच वळणाचा हा नियम आहे. मात्र आकडा आपणच सांगितला असेल तर बँकेला कळवीपर्यंतचे नुकसान आपल्यावर येते. म्हणून तर तो सांगायचा नाही, आणि सांगितला गेलाच तर लाज न धरता तेव्हाच बोलायचे. म्हातारी माणसे चोराच्या भीतीने गप्प बसत नाहीत. 'एवढेही कळत नाही का?' असे सून-मुलगा म्हणतील, या भीतीने बसतात.

हयातीच्या दाखल्यांचे दिवस नोव्हेंबरात येतात. ऐंशीच्या पुढच्या केंद्रीय निवृत्तिवेतनधारकांना ऑक्टोबरपासूनच दाखला देता येतो. त्या दोन महिन्यांत दर मंगळवारी व शुक्रवारी मंडळाच्या दोन-दोन भगिनींनी बँक आणि तहसील कचेरीत वृद्ध स्त्रियांबरोबर जावे, असे गेल्या बैठकीत ठरले आहे. त्यांनी पैशाला हात लावायचा नाही, अर्जावर सही करायची नाही. फक्त शेजारी उभे राहायचे, काय लिहिले आहे ते वाचून दाखवायचे आणि पावती आजीबाईंच्याच हाती आली की नाही ते पाहायचे. ज्यांना आपले नाव द्यावयाचे असेल त्यांनी ते कार्यालयातील वहीत लिहावे. ज्या भगिनींना लिहिता येत नाही त्यांनीही यावे; वहीत त्यांच्यासाठी बांगडीची निशाणी चालेल, साक्षीला आम्ही आहोत.